वॉशिंग्टनची डनबार शाळा : तळघरापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही मनाशी ठरवले की या खेपेला समुद्रापलीकडची एक हकिकत सांगायची. आम्ही पाळीवर जाणारी गिरणीतली माणसं. आमचं शिक्षण शाळेत थोडं आणि वाचनालयात जास्त झालं. म्हणून शाळा म्हटली की तिच्या दारातून आत शिरायला कोणाला किती पिढ्या लागल्या, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, काळ्या मुलांसाठी निघालेल्या एका सरकारी हायस्कुलाची कथा वाचनात आली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केले, हे आपल्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण जे सुटले त्यांचे पुढे काय झाले? बेड्या तुटल्यावर त्यांची मुले कुठल्या शाळेत गेली? जोतीरावांनी ती अर्पणपत्रिका लिहिली त्याच्या तीनच वर्षे आधी, म्हणजे १८७० साली, वॉशिंग्टनमध्ये एका चर्चच्या तळघरात हे हायस्कूल सुरू झाले होते. अमेरिकेतले काळ्या मुलांसाठीचे हे पहिले सरकारी हायस्कूल.

अक्षरओळख नसलेल्यांनी बांधलेली शाळा

तळघराच्याही मागे जायला हवे. १८०७ सालची गोष्ट. वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज बेल, निकोलस फ्रँकलिन आणि मोझेस लिव्हरपूल असे तिघे जण होते. तिघेही पूर्वी गुलाम होते, नंतर मुक्त झाले. तिघांपैकी एकालाही लिहिता-वाचता येत नव्हते. पण शहरातल्या काळ्या मुलांसाठी पहिली शाळा बांधली ती याच तिघांनी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाच अक्षराची किंमत कळते, हे आपल्या आईबापांकडे पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच शहरात अलेथिया टॅनर नावाची एक बाई भाजी विकत असे. तीही गुलामच. भाजी विकून तिने पैशाला पैसा जोडला आणि आधी स्वतःला विकत घेऊन मोकळे केले. मग बहिणीला आणि बहिणीच्या लेकरांना एकेक करून सोडवले. त्या लेकरांपैकी एक जॉन कुक. मोठेपणी तो मास्तर झाला. १८३५ साली गोऱ्यांच्या जमावाने दंगल केली, काळ्यांच्या शाळा फोडल्या, कुकची शाळाही उद्ध्वस्त केली. त्याला जीव घेऊन पेनसिल्व्हेनियात पळावे लागले. पण दुसऱ्या वर्षी तो परत आला आणि शाळा पुन्हा उघडली. याच जॉन कुकने १८४१ साली पंधराव्या रस्त्यावर प्रेस्बिटेरियन चर्च स्थापन केले. त्या चर्चच्या तळघरात १८७० साली हे हायस्कूल भरले, आणि तेव्हा शहरातल्या काळ्यांच्या शाळांचा अधीक्षक होता जॉन कुकचा मुलगा जॉर्ज. भाजीवालीच्या पदरच्या पैशातून हा वंश मोकळा झाला आणि त्या वंशाने शाळा उभी केली. इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि सेनापती असतात. आम्हाला विचाराल तर अशा भाजीवाल्या बायांना त्यात पहिले पान द्यायला हवे.

वॉशिंग्टनमधली गुलामी १६ एप्रिल १८६२ रोजी कायद्याने संपली. सुमारे ३,१०० माणसे मुक्त झाली. पण त्या कायद्याची एक गंमत पाहा. गुलाम गेला म्हणून मालकाला दर माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई. आणि जो जन्मभर राबला त्याला काय? तो देश सोडून जायला तयार असेल तर १०० डॉलरपर्यंत, नाहीतर काही नाही! त्याच वर्षी दुसरा कायदा झाला की काळ्यांच्या मालमत्तेवरच्या कराचा दहावा हिस्सा त्यांच्या शाळांसाठी बाजूला काढावा. तोवर काळ्या माणसाने कर भरायचा आणि त्यावर शाळा चालायच्या गोऱ्यांच्या. कर घेताना विटाळ होत नाही, बाकावर बसताना मात्र होतो. हा न्याय फक्त आपल्याच देशात होता असे समजायचे कारण नाही.

त्या काळी चार्ल्स समनर नावाच्या गोऱ्या सिनेटरने राजधानीतल्या शाळा एकत्र कराव्यात म्हणून खटपट केली. ती पार पडली नाही. शाळा वेगळ्याच राहिल्या. पुढे १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वेच्या डब्याच्या खटल्यात 'वेगळे पण समान' असेल तर चालेल असा निकाल दिला आणि साऱ्या देशात त्या वेगळेपणावर कायद्याचा शिक्का बसला.

मास्तर कोण होते?

तळघरातली शाळा पुढची वीस वर्षे या इमारतीतून त्या इमारतीत हिंडत राहिली. १८९१ साली एम स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर तिला स्वतःची इमारत मिळाली, आणि तेव्हापासून लोक तिला एम स्ट्रीट हायस्कूल म्हणू लागले. पण इमारतीपेक्षा माणसे मोठी होती. मेरी जेन पॅटरसन या बाई १८६२ साली ओबर्लिन कॉलेजातून बी. ए. झाल्या होत्या. अमेरिकेत ती पदवी घेणारी पहिली काळी स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या १८७१ साली या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि मधले एक वर्ष सोडले तर १८८४ पर्यंत होत्या. ते मधले एक वर्ष रिचर्ड ग्रीनर मुख्याध्यापक होते. हार्वर्डचे पहिले काळे पदवीधर!

एवढे शिकलेले लोक हायस्कुलात कसे आले, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर सोपे आहे आणि कडूही आहे. त्यांना दुसरे दार उघडे नव्हते. गोऱ्यांच्या विद्यापीठात काळ्या माणसाला प्राध्यापकी मिळत नव्हती, मग तो कितीही विद्वान असो. आणि वॉशिंग्टन ही राजधानी असल्यामुळे तिथे शिक्षकांचा पगार संघराज्य सरकारच्या कारभारात येत होता. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना तिथे सारखाच पगार मिळे. दक्षिणेतल्या राज्यांत हे स्वप्नातही नव्हते. म्हणून देशभरातले हुशार काळे पदवीधर या शाळेकडे आले. अन्यायाने दारे बंद केली, आणि बंद दारांबाहेर उभे राहिलेले सगळे विद्वान एका शाळेत गोळा झाले.

त्यांतल्या एकाची गोष्ट आम्हा कामगारांना जवळची वाटेल. कार्टर वुडसन यांचे आईबाप गुलाम होते. ते स्वतः वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत काम करत होते. हायस्कुलात गेले तेव्हा वय वीस! खाणीत असताना निरक्षर कामगारांना ते वर्तमानपत्र वाचून दाखवत. हा माणूस १९०९ साली वॉशिंग्टनला आला, एम स्ट्रीटवर शिकवू लागला, आणि शिकवता शिकवता १९१२ साली हार्वर्डचा डॉक्टर झाला. काळ्या लोकांचा इतिहास काळ्या लोकांनी लिहिला पाहिजे, ही त्यांची धारणा. १९२६ साली त्यांनी काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिना त्यासाठी पाळला जातो, त्याचे मूळ हे.

आणखी एक दाखला. १९२१ साली अमेरिकेत पहिल्यांदा तीन काळ्या स्त्रियांना पीएच. डी. मिळाली. जॉर्जियाना सिम्पसन, सेडी मोसेल आणि इव्हा डाइक्स. सिम्पसनबाई या शाळेत शिकवत होत्या. मोसेल इथल्या विद्यार्थिनी. डाइक्स इथे शिकल्या आणि इथेच शिकवायला लागल्या. तिघींचे धागे एकाच शाळेशी.

विद्यार्थी कोणाचे होते? १८९२-९३ सालची नोंद आहे. ज्यांच्या पालकांचा धंदा माहीत होता त्यांत ५१ मजूर आणि डॉक्टर १. आणि १८९९ साली शहरातल्या हायस्कुलांची सामायिक परीक्षा झाली तेव्हा मजुरांच्या या पोरांनी गोऱ्यांच्या तीन हायस्कुलांपैकी दोघांना मागे टाकले. बुद्धी जन्मजात असते म्हणणाऱ्यांनी ही दोन वाक्ये एकापाठोपाठ एक वाचावीत.

काय शिकवायचे? अ‍ॅना कूपर यांचा लढा

आता खरा मुद्दा. आम्ही हा लेख लिहायला घेतला तो यासाठीच.

त्या काळात काळ्या लोकांच्या शिक्षणाबद्दल मोठा वाद चालू होता. बुकर टी. वॉशिंग्टन हे काळ्यांचे फार मोठे पुढारी. त्यांनी १८८१ पासून टस्कीगीची संस्था वाढवली. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या लोकांनी आधी हाताचे काम शिकावे, सुतारकी, शेती, विटा पाडणे. पोट भरले की मान मिळेल. हे सांगणारा माणूस स्वतः गुलामीत जन्मलेला, कष्टाने वर आलेला. त्याची कळकळ खोटी म्हणता येणार नाही. पण गोऱ्या धनिकांना आणि अधिकाऱ्यांना हा विचार फार आवडला, आणि का आवडला हे ओळखायला पदवी लागत नाही. दुसऱ्या बाजूला डॉ. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. त्यांचे म्हणणे, काळ्या मुलाला संपूर्ण शिक्षण मिळालेच पाहिजे, इतिहास, विज्ञान, भाषा, तत्त्वज्ञान, सगळे. १९०२ साली वॉशिंग्टनमध्येच काळ्या मुलांसाठी आर्मस्ट्राँग नावाची हस्तकौशल्याची शाळा निघाली. म्हणजे वाद दारातच येऊन बसला.

या वेळी एम स्ट्रीटच्या मुख्याध्यापिका होत्या अ‍ॅना ज्युलिया कूपर. जन्म १८५८ च्या सुमाराचा, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले गावी, आई गुलाम. लहान वयात शाळेत गेल्या. तरुणपणीच विधवा झाल्या. पुढे ओबर्लिनला शिकल्या, १८८७ साली वॉशिंग्टनला शिक्षिका म्हणून आल्या. १८९२ साली त्यांनी दक्षिणेतल्या काळ्या स्त्रीच्या बाजूने एक पुस्तक लिहिले, ते आजही वाचले जाते. १९०२ साली त्या मुख्याध्यापिका झाल्या. हाताच्या कामाला त्यांनी कमी लेखले नाही. पण काळ्या मुलांना लॅटिन कशाला, गणित कशाला, ही भाषा त्यांनी चालू दिली नाही. त्यांची मुले हार्वर्ड, येल, ब्राऊन अशा विद्यापीठांत जाऊ लागली. १९०३ साली फ्रान्सहून आलेल्या एका धर्मगुरूने त्यांच्या वर्गात बसून त्यांना व्हर्जिलचे लॅटिन काव्य शिकवताना पाहिले आणि मायदेशी जाऊन त्यावर कौतुकाने लिहिले.

इतके यश सगळ्यांनाच मानवत नाही. शाळेत शिस्त नाही, अमुक नाही, तमुक नाही, अशा तक्रारी झाल्या. चौकशी बसली, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. १९०६ साली बाईंची पुन्हा नेमणूक झाली नाही. ज्यांनी मुलांना हार्वर्डला पोचवले त्या बाई शहर सोडून मिसुरीत शिकवायला गेल्या.

पण बाई वाकल्या नाहीत. १९१० साली त्या त्याच शाळेत परत आल्या, मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. ज्या इमारतीत एकदा हुकूम चालत होता तिथे खडू हातात घेऊन वर्गावर जायचे, याला केवढे काळीज लागत असेल! १९१५ साली नात्यातली पाच पोरकी मुले त्यांनी सांभाळायला घेतली. हे सगळे करत असताना अभ्यास चालूच. १९२५ साली, पासष्टी ओलांडल्यावर, त्यांना पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय काय, तर राज्यक्रांतीच्या काळातला फ्रान्स गुलामगिरीशी कसा वागला! गुलामाची लेक मालकांच्या इतिहासाची झडती घेते. १९६४ साली त्या वारल्या तेव्हा त्यांचे वय १०५ होते.

आमच्या मते या शाळेची सगळी पुण्याई त्या एका हट्टात आहे. शाळा वेगळी होती ती गोऱ्यांनी लादली म्हणून. त्या वेगळेपणाला ही माणसे एका दिवसात मोडू शकत नव्हती. पण वेगळ्या शाळेत शिक्षण कमी द्यायचे की पूर्ण, हे त्यांच्या हातात होते. तेवढी एक गोष्ट त्यांनी कोणाच्या हाती जाऊ दिली नाही.

डनबार नाव आणि ह्यूस्टन यांचा खटला

१९१६ साली शाळा नव्या, मोठ्या इमारतीत गेली. नाव दिले पॉल लॉरेन्स डनबार या कवीचे. डनबार यांचे आईबाप पूर्वी गुलाम होते. हायस्कूल पास झाल्यावर या हुशार मुलाला नोकरी मिळाली ती लिफ्ट चालवायची. १९०६ साली ते वारले तेव्हा वय अवघे ३३. शाळेला लिफ्टमन कवीचे नाव! आम्हाला हे फार आवडले. १९१३ पासून वुड्रो विल्सन यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांतही काळ्या-गोऱ्यांच्या जागा वेगळ्या होऊ लागल्या होत्या. त्या दिवसांत ही इमारत राजधानीतल्या काळ्या माणसांचे अभिमानस्थान झाली.

इथून निघालेल्या विद्यार्थ्यांची यादी मोठी आहे, थोडीच सांगतो. बेंजामिन डेव्हिस जुन्या एम स्ट्रीटचे, १९४० साली अमेरिकी सैन्यातले पहिले काळे जनरल. विल्यम हेस्टी १९३७ साली संघराज्याचे पहिले काळे न्यायाधीश. रॉबर्ट वीव्हर १९६६ साली अमेरिकेच्या मंत्रिमंडळातले पहिले काळे मंत्री. एडवर्ड ब्रुक त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधून सिनेटवर निवडून आले. डॉ. चार्ल्स ड्रू यांनी रक्तातला द्रव साठवून ठेवण्याच्या पद्धतीवर काम केले, त्यातून युद्धात असंख्य माणसे वाचली. आणि त्याच युद्धात काळ्याचे रक्त वेगळे आणि गोऱ्याचे वेगळे ठेवायचे असा फतवा निघाला! बाटलीतल्या रक्तालासुद्धा जात चिकटवली. ड्रू यांनी त्याला शास्त्राच्या आधारे जाहीर विरोध केला.

पण सगळ्यांत मोठे नाव चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. १९११ साली एम स्ट्रीटमधून बाहेर पडले, अ‍ॅम्हर्स्टला शिकले. पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी होते. तिथे काळ्या अधिकाऱ्यांना जी वागणूक मिळाली ती पाहून त्यांनी ठरवले की कायदा शिकायचा आणि या लोकांसाठी लढायचे. हार्वर्डमधून वकील झाले. हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचे प्रमुख झाले आणि तिथे त्यांनी वकिलांची फौज तयार केली. थर्गूड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. कॅमेरा घेऊन ते दक्षिणेत फिरले. काळ्या मुलांच्या गळक्या, मोडक्या शाळांची चित्रे काढून आणली. मग एकेक खटला. १९३६ साली मेरीलँड, १९३८ साली मिसुरी. डावपेच असा, की आधी 'वेगळे पण समान' यातला 'समान' शब्द धरून सरकारला पेचात पकडायचे. समान द्यायला परवडत नाही हे सिद्ध झाले की 'वेगळे' आपोआप कोसळते. एप्रिल १९५० मध्ये ते गेले. लढाई मध्यावर होती. पण वाट आखून झाली होती.

सलूनवाल्याचा सवाल

आतापर्यंत आम्ही कौतुक सांगितले. पण तेवढेच सांगून थांबलो तर ती आरती होईल, इतिहास होणार नाही.

डनबार शाळेवर तिच्याच लोकांचा एक आरोप होता. तिथे उजळ रंगाच्या, बऱ्या घरच्या, डॉक्टर-कारकुनांच्या मुलांना जास्त मान, आणि गडद रंगाच्या, गरीब घरच्या मुलाला तिथे परके वाटते, असे लोक बोलत. सगळी शाळा तशी नव्हती, मजुरांची मुले तिथे शिकून मोठी झाली हे वर सांगितलेच. पण आरोपात तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही. ज्यांना गोऱ्यांनी रंगावरून बाजूला काढले, त्यांनी आपल्यातच रंगाच्या पायऱ्या मांडल्या. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला चढत्या भाजणीची विषमता म्हटले, ती भाजणी कुठेही रचता येते. हे वाचताना आपण फक्त अमेरिकेकडे बोट दाखवू नये. आपल्यातला शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस वस्तीत परत किती वेळा येतो, हेही मनाला विचारावे.

वॉशिंग्टनमध्ये हा सवाल एका सलूनवाल्याने उघडपणे विचारला. त्याचे नाव गार्डनर बिशप. नॉर्थ कॅरोलिनातून पोटासाठी आलेला. त्याची मुलगी ब्राऊन ज्युनियर हायस्कुलात जात होती. शाळा इतकी भरून वाहत होती की मुलांना दोन पाळ्यांत बसवत. पाळी काय असते हे आम्हाला सांगायला नको; पण गिरणीच्या यंत्राला पाळ्या असतात, लेकरांच्या शिक्षणालाही? आणि जवळपासच्या गोऱ्या शाळांत वर्ग रिकामे पडलेले. डिसेंबर १९४७ मध्ये बिशप आणि वस्तीतल्या गरीब आईबापांनी मुलांना शाळेतून काढून संप केला. गोऱ्यांवर राग होताच, पण सुखवस्तू काळ्या पुढाऱ्यांवरही बिशपचा विश्वास नव्हता. डनबारवाल्यांना आमच्या पोरांचे काय पडले आहे, हा त्याचा भाव.

अशा बिशपची गाठ पडली ती चार्ल्स ह्यूस्टन यांच्याशी, म्हणजे त्याच शाळेच्या सगळ्यांत नामांकित विद्यार्थ्याशी. आणि ह्यूस्टन त्याच्या बाजूने उभे राहिले. सलूनवाला आणि हार्वर्डचा वकील एका मेजाशी बसले. आजारपणाने ह्यूस्टन खचले तेव्हा त्यांनी बिशपला हॉवर्डचे प्राध्यापक जेम्स नॅब्रिट यांच्याकडे पाठवले. नॅब्रिट म्हणाले, समान सोयी मागणारा खटला मी चालवणार नाही. वेगळेपणालाच आव्हान द्यायचे असेल तर या. बिशपने होकार दिला. ११ सप्टेंबर १९५० रोजी अकरा काळ्या मुलांना घेऊन तो सूसा ज्युनियर हायस्कूल या गोऱ्यांच्या नव्या कोऱ्या शाळेत गेला. आत रिकामे वर्ग होते. प्रवेश नाकारला गेला. त्यातून खटला उभा राहिला, बोलिंग विरुद्ध शार्प.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. राज्यांसाठी ब्राऊन खटला, जो थर्गूड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढवला. आणि राजधानीसाठी बोलिंग खटला. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला. डनबारमध्ये त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून बातमी सांगितली गेली, अशी आठवण एलिनॉर होम्स नॉर्टन यांनी सांगितली आहे. त्या तेव्हा तिथे विद्यार्थिनी होत्या. १९९१ साली त्या वॉशिंग्टनच्या प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेल्या.

म्हणजे पाहा. वेगळेपणातून जन्मलेल्या शाळेने वेगळेपणाला गाडणारा माणूस घडवला, पण तो पुरा पडला तो वस्तीतल्या सलूनवाल्याच्या हट्टामुळे. एकट्या पुस्तकी विद्वानाने किंवा एकट्या संतापलेल्या वस्तीने हे झाले नसते.

निकालानंतर काय झाले?

कथा इथे संपली असती तर गोड झाली असती. पण पुढचे सांगणेही आमचे काम आहे. सप्टेंबर १९५४ पासून डनबार ही साऱ्या शहरातून विद्यार्थी घेणारी शाळा राहिली नाही. जवळच्या वस्तीतली मुले तेवढी तिथे येऊ लागली. हुशार मुलांना दुसरीकडची दारे उघडली, आणि शिक्षकांनाही विद्यापीठांची दारे हळूहळू उघडली. ही चांगलीच गोष्ट, त्यासाठीच लढा होता. पण त्याच वेळी गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत निघून गेली. कायद्याने बाक एकत्र केले. बाकावर शेजारी बसणारा मात्र घर बदलून गेला! उरलेल्या गरीब वस्तीच्या शाळेकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. डनबारचे नाव खाली आले.

१९७७ साली नवी इमारत झाली आणि १९१६ ची जुनी वास्तू पाडली गेली. ती पाडू नका म्हणून माजी विद्यार्थी झगडले. तर दुसऱ्या काहींना ती वरच्या थरातल्या लोकांची खूण वाटत होती. जुना सलूनवाल्याचा सवाल पुन्हा वर आला. आणि नवी इमारत कशी, तर वर्गांना नीट भिंतीच नाहीत! ही नव्या पद्धतीची रचना टिकली नाही. २०१३ साली तिसरी इमारत झाली. तिच्या जमिनीत नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या नावांच्या पाट्या बसवल्या आहेत. आणि काही पाट्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत, पुढे जे नाव काढतील त्यांच्यासाठी.

आम्हाला या कोऱ्या पाट्यांनी फार विचारात पाडले.

१९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते, त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी मागितली. डुबॉइस यांनीही आपुलकीने उत्तर पाठवले. दोन समुद्रांच्या पल्याडची दोन माणसे एकमेकांचे दुःख ओळखत होती. आणि त्याच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. बाबासाहेबांनी आपल्या मुलांना कमी शिक्षण पुरे असे कधी म्हटले नाही. अ‍ॅना कूपर यांनीही म्हटले नाही. दोघांची गाठ पडली नाही, पण हट्ट एकच.

म्हणून या कथेतून आम्ही तीन गोष्टी पदरात बांधल्या. एक, आपल्या पोराला अर्धे शिक्षण पुरे असे कोणी, अगदी आपला माणूससुद्धा, सांगत असेल तर ऐकायचे नाही. दोन, शिकून वर गेलेल्याने खाली वस्तीत राहिलेल्या बिशपला विसरायचे नाही, नाहीतर शाळा ही नवी जात होऊन बसते. आणि तीन, निकाल लागला, कायदा झाला, आरक्षण मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत दिवा कोण लावतो, यावर पुढची पिढी ठरते.

आपल्या विहारातही संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. त्यांना गोंगाट करू नका म्हणून आपण ओरडतो, पण त्यांच्या वहीत काय लिहिलंय ते किती जण वाकून बघतो? बेल, फ्रँकलिन आणि लिव्हरपूल यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी शाळा बांधली. आपल्याला वाचता येतं. आता सबब नाही.

एवढे लिहून आम्ही लेखणी खाली ठेवतो. चुकभूल द्यावी घ्यावी.

जयभीम! नमो बुद्धाय!